उरलेल्या जागेतली तिरकी रेघ

काका,

तुम्ही मागवलेलं पुस्तक मंगळवारी आलं. दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठातून, निळ्या बांधणीचं, जाड. घटना न्यायालयांच्या निकालांचे इंग्रजी अनुवाद. तुम्हाला जाऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते. पुस्तक न वापरता परत पाठवायचं तर एक फॉर्म भरावा लागतो. कारणाच्या रकान्यात मी ‘वाचक हयात नाही’ असं इंग्रजीत लिहिलं. खाली तीन ओळींची जागा उरली होती. तिथे मी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात तिरकी रेघ ओढली आणि पेन तसंच धरून बसले. ही सवय माझी नव्हे.

इथल्या मराठी मंडळाच्या पत्रकात तुमच्याबद्दल छापायचा मजकूर मंदार लिहितो आहे. जन्म, शिक्षण, नोकरीची गावं, जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्ती. मुलाने लिहावं असंच ते आहे. मला तुमच्याशी दोनच गोष्टी बोलायच्या आहेत. एक आपला वाद, जो सहा वर्षं चालला आणि मिटला नाही. आणि ते दोन दिवस, ज्यांचा जाब तुम्ही मला विचारायला हवा होता.

तुम्ही पहिल्यांदा लायब्ररीत आलात ते २००२ च्या पानगळीत. मी कायद्याच्या ग्रंथालयात चौकशीच्या टेबलाशी बसत होते. तुम्ही जपून, शब्द मोजून इंग्रजीत विचारलंत की बाहेरच्या माणसाला इथे बसून वाचता येईल का. तुमच्या खांद्याला सीताबर्डीच्या एका कापड दुकानाचं नाव असलेली पिशवी होती. मी मराठीत म्हटलं, “येईल की. पास करून देते.” तुम्ही जराही आश्चर्य दाखवलं नाहीत. “पुण्याच्या दिसता,” म्हणालात, “नागपूरचं माणूस आधी पाणी विचारतं.”

काकू गेल्यावर मंदारने तुम्हाला अमेरिकेत, ॲन आर्बरला आणलं होतं. दिवसभर घरात तुम्ही एकटे. दहाच्या बसने यायचं, तीनच्या बसने जायचं, असं तुम्ही ठरवून टाकलंत. दुपारी कॉरिडॉरमधल्या बाकावर डबा. पोळी, कोरडी भाजी, आणि एका छोट्या बाटलीत ठेचा, जिच्या वासाने आमची प्रमुख दोनदा विचारून गेली होती की कुठे काही जळतं आहे का.

काय वाचता असं मी पंधरा दिवसांनी विचारलं. तुम्ही नागपुरात संध्याकाळच्या वर्गाला कायदा शिकवत होता. त्यातल्या एका विद्यार्थ्याने आता पुस्तकं छापायला सुरुवात केली होती, आणि त्याला तुम्ही मराठीत एक छोटं पुस्तक देणार होता. विषय असा: अनेक देशांनी मिळून एक करार केला, सगळ्यांसाठी एक न्यायालय नेमलं, आणि त्या सामाईक न्यायालयाने म्हटलं की आमचा कायदा तुमच्या देशाच्या कायद्यावर, अगदी तुमच्या राज्यघटनेवरही, मात करतो. मग त्या त्या देशाच्या घटना न्यायालयाने काय करायचं?

“नागपुरात हे कोण वाचणार?” मी विचारलं.

“नागपुरातच वाचतील. आम्हाला सगळ्यात वरचा कोण हे विचारायची खोड आहे.”

मग म्हणालात, “तुम्ही एल.एल.बी. आहात ना? मग पुस्तकं नुसती उचलून काय देऊन राहिल्या? वाचा की.”

मी एल.एल.बी. आहे हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. ते तुम्हाला मी संदर्भ कसे शोधते त्यावरून कळलं होतं. लग्न होऊन इथे आले, काम करायची परवानगी नव्हती, ती मिळेपर्यंत सनद जुनी झाली, मग ग्रंथालयाची पदवी घेतली. इथे हे इतक्या बायकांच्या बाबतीत घडतं की कुणी त्याची गोष्ट करत नाही. त्या दिवशी मात्र मी घरी जाताना जर्मन निकालाचा अनुवाद घेऊन गेले. आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मला ‘वकीलसाहेब’ म्हणायला लागलात.

वाद सुरू झाला तो त्याच निकालावरून. जर्मनीच्या घटना न्यायालयाने सामाईक न्यायालयाला सांगितलं होतं: तुमच्या कायद्यात मूलभूत हक्कांची आमच्याइतकी हमी नाही, तोवर तुमचा कायदा आम्ही आमच्या घटनेवर घासून बघणार. बारा वर्षांनी त्याच न्यायालयाने तोच शब्द उलटा फिरवला: तुम्ही हक्क नीट सांभाळता आहात, तोवर आम्ही बघणार नाही. तुम्ही पुस्तकातल्या त्या प्रकरणाला नावच ‘तोवर’ दिलंत.

मला तो शब्द आवडला. खालच्या न्यायालयाने ‘तोवर’ म्हटलं म्हणून वरचं न्यायालय हक्कांबद्दल बोलायला लागलं, असं मी म्हणत होते. धमकी असेल, पण तिच्यामुळे वरचा सुधारला.

तुम्हाला तो शब्द मुळीच मान्य नव्हता. “शब्द दिला की दिला. करारावर सही करताना ‘तोवर’ कुठे होतं? प्रत्येक देशाने आपापलं ‘तोवर’ खिशात ठेवलं तर करार कशाला म्हणायचं त्याला? बैठक म्हणा. चहा-बिस्किटं ठेवा.”

“इटलीनेही तेच केलं ना? सगळं मान्य, पण घटनेच्या गाभ्याला हात लावाल तर आम्ही अडवणार.”

“म्हणजे आणखी एक चोर. त्याने पहिला साव होतो का?”

तुम्ही आयुष्यभर वरच्या न्यायालयाच्या खाली काम केलंत, हे मी वादात विसरायची. एकदा तुम्ही सांगितलंत की उच्च न्यायालयाने तुमचे किती निकाल उलटवले ते तुम्ही कधी मोजलं नाही, पण त्यातला एक चुकीचा उलटवला होता याची खात्री आहे. एका शिक्षकाला नोकरीवर परत घ्यायचा तो निकाल होता. वरून उलटल्यावर त्या माणसाला घरी पाठवण्याचा आदेश तुम्हालाच काढावा लागला. “मी काढला. त्याच दिवशी. नाखूष होतो. ती नाखुशी कागदावर नाही लिहिली. घरी येऊन तुमच्या काकूंवर उगाच ओरडलो.”

मी विचारलं, “तेव्हा ‘तोवर’ म्हणावंसं नाही वाटलं?”

“रोज वाटलं. म्हणून तर सांगून राहिलो. मला म्हणता आलं असतं, तर तालुक्याच्या प्रत्येक मुन्सफाला म्हणता आलं असतं.”

बर्फ पडायला लागला की तीनच्या बसऐवजी मी तुम्हाला गाडीने सोडायची. तुमच्या घराच्या अलीकडे एक चौक आहे. चारी बाजूंना थांबा लिहिलेल्या लाल पाट्या, सिग्नल नाही, पोलीस नाही. सगळ्यांनी थांबायचं, जो आधी आला त्याने आधी जायचं, एकदम आले तर एकमेकांकडे बघून ठरवायचं. तुम्हाला त्या चौकाचा राग होता. समोरचा हात करून ‘जा’ म्हणायचा, मी त्याला ‘तुम्ही जा’ म्हणायची, आणि तुम्ही शेजारी बसून, “इथे एक हवालदार उभा करा रे कुणीतरी!”

एका दुपारी मी गाडी तिथेच जरा जास्त वेळ उभी ठेवली. म्हटलं, “काका, हेच तर मी म्हणते. वर कुणी नाही, तरी चाललंय. प्रत्येक जण थांबतो, बघतो, वाट देतो. तुमच्या सामाईक न्यायालयाचं आणि त्या देशांचंही असंच चाललंय.”

मागच्या गाडीने हॉर्न दिला. इथे कुणी सहसा देत नाही.

घर आलं. तुम्ही दार उघडून उतरलात आणि वाकून म्हणालात, “चालतं, कारण थांबायचंच हे प्रत्येकाने आधी विनाअट कबूल केलंय. त्या पाटीखाली कुणी ‘तोवर’ लिहिलं, तर उद्या वकीलसाहेबांना हॉस्पिटलात भेटायला यावं लागेल.” आणि दार लावलंत.

तिरक्या रेघेचं कारण मला फार उशिरा कळलं. तुम्ही प्रत्येक कागदावर ती मारायचात. टिपणाच्या, फॉर्मच्या, एकदा मंदारने दिलेल्या किराणा सामानाच्या यादीच्या खालीसुद्धा. दूध, कोथिंबीर, दही, आणि खाली तिरकी रेघ. मी हसले तेव्हा तुम्ही सांगितलंत. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका बाईचा जबाब तुम्ही नोंदवला आणि सही केलीत. सहीच्या वर दोन बोटं जागा उरली होती. त्या जागेत पुढे कुणीतरी एक ओळ घातली. तुमच्याच सहीच्या जोरावर ती ओळ खरी ठरली आणि बाई खोटी. अपिलात ते उघड झालं, वरच्या न्यायालयाने तुम्हाला चार कडक शब्द सुनावले आणि बाईला न्याय दिला. “बघा, वरचा होता म्हणून,” तुम्ही म्हणालात. “तेव्हापासून जागा मोकळी सोडत नाही. मोकळ्या जागेत माणसं घुसतात.”

पुस्तक पुढे सरकत होतं, मागेही येत होतं. युरोपच्या देशांनी मिळून घटनेसारखा एक मोठा करार लिहिला, त्यात सामाईक कायदा वरचढ असं स्पष्ट कलम होतं. तुम्ही त्यावर अख्खं प्रकरण लिहिलंत. आणि २००५ मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी तो करार नाकारला. तुम्ही ते प्रकरण पिशवीतून काढून माझ्या टेबलावर ठेवलंत. “घ्या. रद्दीत द्या. एवढं सोपं लिहिलं होतं, म्हणूनच लोकांना कळलं बहुतेक.” मी ते रद्दीत दिलं नाही. माझ्या खणात आहे, शेवटच्या पानावरच्या रेघेसकट.

माझं काम संदर्भ तपासायचं आणि तुमचं अक्षर टाइप करायचं. पण तुम्ही प्रत्येक प्रकरणात एक परिच्छेद माझ्यासाठी सोडायला लागलात. ‘याविरुद्ध असं म्हणता येईल’ अशी सुरुवात करून मला म्हणायचात, तुमचं म्हणणं सांगा. मी सांगितलेलं तुम्ही लिहायचात ते माझ्यापेक्षा जास्त पटेल असं. पुढच्या पानावर ते खोडून काढायचात. घरी गेल्यावर मला कळायचं की मला हरवण्याआधी तुम्ही मला नीट उभं केलं होतं. इतकं मन लावून माझं म्हणणं त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही चिडवलं असतंत.

यंदा मार्चमध्ये एकदाच आपण दोघं एका बाजूला होतो. टेक्सासच्या तुरुंगात मृत्युदंडाची शिक्षा झालेला एक मेक्सिकन कैदी होता. अटकेनंतर आपल्या देशाच्या वकिलातीला कळवायला लावण्याचा त्याला हक्क आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आंतरराष्ट्रीय न्यायालय म्हणालं, या चुकीमुळे खटल्यात काय बिघडलं ते पुन्हा तपासा. राष्ट्राध्यक्षांनीही राज्यांच्या न्यायालयांनी तसं करावं असं कळवलं. आणि इथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की देशाने करारात शब्द दिला आहे हे खरं, पण तसा कायदा झाल्याशिवाय तो निकाल आमच्या न्यायालयांना आपोआप बांधत नाही, आणि राष्ट्राध्यक्षांच्या पत्रानेही ती बांधली जात नाहीत.

तुम्ही निकाल छापून घेतलात आणि बसमध्ये वाचत आलात. धाप लागलेली होती, तेव्हा मला वाटलं ती रागाची.

“गुन्हा भयंकर होता, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण त्याला सांगायला काय झालं होतं? एक वाक्य. ‘बाबा रे, तुझ्या वकिलातीला कळवू का?’ ज्याच्या मानेवर निकाल बसणार, त्याला आधी सांगायचं. नोटीस! हे पहिल्या वर्षाच्या मुलाला येतं.”

“हे माझं ‘तोवर’ नाही हां काका.”

“तुमच्या ‘तोवर’चंच नातवंड आहे.”

“नाही. ‘तोवर’ म्हणणारा समोरच्याचं ऐकत असतो. इथे नुसतं ‘नाही’ म्हटलंय.”

तुम्ही पेन काढलंत. मग वहीत काहीतरी लिहिलंत. काय लिहिलं ते दाखवलं नाहीत. ऑगस्टमध्ये त्या कैद्याची शिक्षा अमलात आली, तेव्हा तुमचं लायब्ररीत येणं बंद झालं होतं.

फुप्फुसांच्या आजाराचं निदान मे महिन्यात झालं. जूनमध्ये, अजून तुम्ही बसने येऊ शकत होता तेव्हा, एक फॉर्म घेऊन आलात. मिशिगनमध्ये स्वतः बोलता येणार नाही अशा वेळी आपल्या उपचारांचा निर्णय कुणी घ्यायचा ते आधी लिहून ठेवता येतं. त्या माणसाला इथे ‘पेशंट ॲडव्होकेट’ म्हणतात.

“वकीलसाहेब, एक वकीलपत्र घ्याल?”

मी वाचलं आणि परत केलं. “हे मंदारचं काम आहे.”

“मंदार मुलगा आहे. तो निकाल देऊ शकणार नाही. नुसता अपील करत राहील.”

“मग मुलगी? शुभदा?”

“ती नागपुरात. आणि ती मंदारपेक्षा हळवी.”

“मग निदान अट घाला. मंदारला विचारून, असं लिहा. त्याचं ऐकून.”

तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. “आलं का तुमचं ‘तोवर’? अट घातली की त्या अटीतूनच पहिला भांडणारा आत येतो.” मग जादा सूचनांच्या रकान्यात तुम्ही इंग्रजीत दोन वाक्यं लिहिलीत. यंत्राने श्वास चालू ठेवू नये. लावलं गेलंच तर काढावं. खाली पाच-सहा ओळींची जागा होती. त्यावर तिरकी रेघ. माझ्या दोन सहकाऱ्यांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या, मी स्वीकारल्याची सही केली, तुम्ही तिघांना पिशवीतून चिवडा दिलात.

“मंदारला सांगाल ना?” मी विचारलं.

“सांगतो. दिवाळीत शांतपणे सांगतो. आत्ता तो प्रोजेक्टमध्ये आहे.”

बस, काका. एवढंच झालं. नोटीस या एका शब्दावर तीन महिने तावातावाने बोललेली आपण दोघं माणसं, एक निवृत्त न्यायाधीश आणि एक सनद ठेवून दिलेली वकील, आपल्याला वाटलं की कागद पक्का झाला म्हणजे काम झालं. ज्याच्यावर तो कागद चालायचा होता त्याला सांगायचं आपण दोघांनीही दिवाळीवर ढकललं. मी आठवण करायला हवी होती. जुलैत, ऑगस्टमध्ये मी तुमच्याकडे येत होते, मंदार चहा करत होता, आणि मी ते बोलले नाही. तुमच्या घरातली गोष्ट तुम्ही सांगाल, असा मी सभ्यपणा केला.

दिवाळीच्या आधीच, ऑक्टोबरमधल्या एका दुपारी तुमचा श्वास अडकला. मंदारने ॲम्ब्युलन्स बोलावली. कागदाची कुणालाच माहिती नाही, त्यांनी नळी घालून श्वासाचं यंत्र लावलं. मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. मी प्रत घेऊन गेले. मंदार अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर उभा होता, कालच्याच कपड्यांत. मी कागद पुढे केला.

त्याने दोनदा वाचला. “नीलाताई, हे काय आहे? When did he… कधी केलं हे?”

“जूनमध्ये.”

“जून! आणि मला कुणी सांगितलं नाही? सहा वर्षं बाबा माझ्या घरात राहिले. मी त्यांना दर महिन्याला डॉक्टरकडे ड्राइव्ह करतो. आणि तू… सॉरी, पण तू लायब्ररीत भेटतेस त्यांना.”

“खरं आहे. आम्ही सांगायला हवं होतं.”

“आम्ही?”

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी कागद वाचला, फाइलला लावला, आणि मंदारकडे न बघता मला म्हणाल्या की निर्णय आता कायद्याने माझा आहे. मंदारच्या समोरच म्हणाल्या. तुम्ही म्हणायचात तसा, विनाअट, सगळ्यांच्या वरचा. इतकं वरचं मी आयुष्यात काही धरलं नव्हतं, आणि मला ते कुणाच्या तरी हातात देऊन टाकावंसं वाटलं.

मंदार खुर्चीत बसला. मग खाली बघतच म्हणाला, “शुभदा निघालीय. मुंबईहून उद्या रात्रीची फ्लाइट. परवा सकाळी पोचेल. ताई, मी भांडत नाही. बाबांनी लिहिलंय ते त्यांचंच अक्षर आहे. फक्त ती येईपर्यंत.”

तुमचं वाक्य माझ्यासमोर होतं. लावलं गेलंच तर काढावं. त्यात परवा नव्हतं. शुभदा नव्हती. खालची जागा तुम्ही बंद केली होती, नेमकी मी तिथे काही घुसवू नये म्हणून.

मी डॉक्टरांना म्हटलं, “मुलगी पोचेतोवर. त्यापुढे नाही. आणि मधे नवीन काही लावायचं नाही.”

ते दोन दिवस मी तिथे होते. तुमचे हात पट्ट्यांनी पलंगाला बांधले होते, नळी ओढू नये म्हणून. उजव्या हाताची बोटं मधेच हलायची. नर्सने सांगितलं की ते आपोआप होतं, त्याला अर्थ नसतो. मी तिच्यावर विश्वास ठेवला, पण पूर्ण नाही. ते दोन दिवस तुमचे होते, आणि मी ते तुमच्या लेखी हुकमाविरुद्ध खर्च केले. शब्द दिला की दिला, असं तुम्ही म्हणायचात. मी दिला होता. सहीसकट.

शुभदा विमानतळावरून थेट आली. तिने नागपूरहून तेलाची बाटली आणली होती. तुमच्या पायांना लावत बसली. तुमच्याशी हळू आवाजात बोलत होती. गल्लीत कुणी घर विकलं, कुणाच्या सुनेला मुलगी झाली. मंदार दुसऱ्या बाजूला. दीड-दोन तास झाले. मी बाहेर उभी होते आणि आत जाऊन तुमचं ते वाक्य म्हणायची तयारी करत होते. तेवढ्यात मंदार उठला, स्वतः डॉक्टरांकडे गेला आणि म्हणाला, “We are ready. वडिलांनी लिहिलंय तसं करा.” मराठीत म्हणाला अर्धं. डॉक्टरांना कळलं.

जाताना माझ्या दंडाला हात लावून गेला. तुम्ही चार वाजायच्या सुमारास गेलात. तुमची बस चुकली, असं उगाच माझ्या मनात आलं.

आता तुम्ही असतात तर मी विचारलं असतं. मी कागद त्याच सकाळी चालवला असता, तर तो पाळला गेला असता; पण मंदारवर लादला गेला असता. दोन दिवस थांबले म्हणून तो त्याने स्वतः पाळला. हा माझ्या बाजूचा युक्तिवाद. तुमच्या बाजूचा मला पाठ आहे: ज्याच्या शरीरावर ते दोन दिवस गेले त्याला कुणी विचारलं? त्याने तर आधीच सांगून ठेवलं होतं. दोन्ही मी रोज ऐकते. तिसरा आवाज, निकाल सांगणारा, येत नाही.

गेल्या रविवारी मंदारने तुमची पिशवी आणून दिली. हस्तलिखित होतं. ‘तोवर’चं प्रकरण तुम्ही आजारपणात पुन्हा लिहिलं होतं, अक्षर शेवटी शेवटी उतरतं झालेलं. तुमची बाजू आहे, नेहमीसारखी पक्की. मग ‘याविरुद्ध असं म्हणता येईल’. माझं सगळं आहे त्यात, चौकसुद्धा. आणि एक नवीन वाक्य: ‘तोवर म्हणणारा ऐकत असतो, नाही म्हणणारा ऐकत नसतो. हा फरक प्रस्तुत लेखकाच्या आधी लक्षात आला नव्हता.’ मार्चमध्ये तुम्ही वहीत लिहिलंत ते बहुतेक हेच. त्यानंतर खोडून काढणारा परिच्छेद यायला हवा. तो नाही. अर्धं पान कोरं आहे, आणि त्यावर रेघ नाही.

मी सगळी प्रकरणं पुन्हा तपासली. बाकी प्रत्येकाखाली रेघ आहे.

तुम्ही थकला असाल. उद्या लिहू म्हणून ठेवलं असेल. विसरला असालही, त्या दिवसांत तुम्ही चष्मा फ्रीजमध्ये ठेवला होता. त्या कोऱ्या जागेतून मी स्वतःसाठी माफी काढून घेणार नाही. मोकळ्या जागेत माणसं घुसतात, हे मला तुम्हीच शिकवलंत.

नागपूरच्या तुमच्या विद्यार्थ्याचं पत्र आलं आहे. पुस्तक छापायचं आहे. त्या अर्ध्या पानावर मी त्या दोन दिवसांत काय केलं ते चार ओळींत लिहिलं, माझ्या नावाने, तुमच्या नाही. पाठवण्याआधी ते पान मंदारला नेऊन दिलं. म्हटलं, “यात तू आहेस. आधी वाच. नको असेल तर काढते.”

“डेडलाइन आहे का?” त्याने विचारलं.

“नाही.”

त्याने पान उलटसुलट करून बघितलं. “खाली जागा आहे अजून.”

“आहे,” मी म्हटलं. “मी रेघ मारलेली नाही.”